'सेट' म्हणजे नक्की काय काय? सहावीच्या मुलांना कसं शिकवू?

सहावी_ब

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात इंग्रजी शिकवते, मराठी माध्यमाची शाळा, सहावीच्या वर्गात ३१ मुलं. मागच्या आठवड्यात धड्यात "द सन वॉज सेटिंग" असं वाक्य आलं, मी सांगितलं की सूर्य मावळत होता, आणि पुढच्या ओळीवर जाणार तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, बाई, सेट तर आईचा गळ्यातल्या-कानातल्याचा असतो, मग सूर्याचा सेट कसला? त्यावर दुसरी म्हणाली माझा दादा पुण्यात सेटची परीक्षा देतोय, तिसरा म्हणाला मी रोज पाचचा अलार्म सेट करतो, मग सेट डोसा आला, टीव्हीचा सेट आला, शूटिंगचा सेट आला, "काकांची लाईफ सेट झाली" पण आलं. मी आपली फळ्यावर लिहीत गेले. तास संपला तेव्हा १४ झाले होते.

इथपर्यंत मला फार आनंद झाला होता. घरी येऊन शब्दकोश उघडला आणि हबकलेच, पानंच्या पानं. त्यातले मला महत्त्वाचे वाटले ते २० अर्थ मी वहीत उतरवून दिले, सेट म्हणजे ठेवणे, मांडणे, लावणे, मावळणे, घट्ट होणे, ठरवणे, संच वगैरे, आणि दुसऱ्या दिवशी पाच वाक्यं लिहायला सांगितली. तर एकीनं लिहिलं "आय सेट द डोअर". विचारलं हे काय गं, तर म्हणाली मी दार लावलं. दुसऱ्यानं "मदर सेट कुंकू" लिहिलं. आता पोरांचं काय चुकलं सांगा, मीच तर 'लावणे' लिहून दिलं होतं, आणि आपण दार पण लावतो, कुंकू पण लावतो, गजर पण लावतो. मला त्यांच्या वहीवर लाल रेघ मारवली नाही.

तर माझा प्रश्न असा की या शब्दाच्या पोटात काही एक धागा आहे का जो धरला की बाकीचं आपोआप कळत जाईल, का हे सगळं सुटं सुटं पाठच करायचं असतं? तुमच्यापैकी कुणी शिकवलं असेल, भाषांतर करत असाल, तर सांगा. पुढच्या मंगळवारी परत तोच तास आहे.

भाषांतर_रोजचं

ताई, तुम्ही लाल रेघ मारली नाहीत हे फार बरं केलंत. चूक त्या मुलीची नाही, चूक यादीची आहे.

मी गेली ११ वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते, जास्त करून मशीनची माहितीपत्रकं, ॲपचे मेसेज असलं. एका कंपनीनं मला कामाबरोबर एक तक्ता पाठवला होता, इंग्रजी शब्द डावीकडे, मराठी उजवीकडे, आणि ताकीद की एका शब्दाला एकच प्रतिशब्द वापरायचा, बदलायचा नाही. त्यात सेट समोर लिहिलेलं 'संच'. काम होतं फ्रिजच्या पुस्तिकेचं. आता त्यात तापमान सेट करा आहे, पुडिंग चार तास सेट होऊ द्या आहे, ट्रेचा सेट आहे, फ्रिज सपाट जागेवर सेट करा आहे. मी तीनदा ईमेल करून समजावलं, ऐकलं नाही, आणि शेवटी माझ्या मजकुरावर त्यांच्याकडेच कुणीतरी हात फिरवून "पुडिंग चार तास संच होऊ द्या" असं छापलं. ते पुस्तक कुणाच्या तरी घरी गेलं, कुणीतरी बाईनं ते वाचलं असेल आणि तिला वाटलं असेल की मला मराठी नीट कळत नाही. मला त्याचा अजून राग येतो.

तेव्हापासून मी माझ्यापुरतं ठरवलंय की सेटचा अर्थ लिहायचाच नाही, सेटचा शेजारी लिहायचा. शेजारी म्हणजे त्याच्या मागेपुढे कोण बसलंय ते. सापळा असला तर लावायचा. गजर असला तर लावायचा. परीक्षेचा पेपर असला तर आपल्याकडे पेपर 'काढतात', सेट करत नाहीत, कुठल्याही जुन्या मास्तरांना विचारा. जेवणाचं टेबल असलं तर पानं घ्यायची. तारीख असली तर ठरवायची किंवा धरायची, लग्नाची तारीख धरतात. पायंडा असला तर पाडायचा, उदाहरण असलं तर घालून द्यायचं, विक्रम असला तर करायचा. पक्षी असला तर मोकळा सोडायचा. आणि दही असलं तर विरजण लावायचं, मग ते दही लागतं, तिथे सेट शब्दाची गरजच नाही, आपल्या आज्या फ्रिज यायच्या आधीपासून दही लावतायत.

म्हणजे बघा, इंग्रजीत एकच शब्द दहा घरी राबतो आणि मराठीत प्रत्येक घराला आपला वेगळा माणूस आहे. मुलांना शब्दापुढे अर्थ देऊ नका, जोड्या द्या. "सेट द अलार्म" हे पूर्ण एक, "सेट अ ट्रॅप" हे पूर्ण एक. तीन-चार शब्दांचा घास एकदम गिळला की दाराला सेट लागणार नाही.

धातूपाठ

भाषांतर ताईंचं बरोबर आहे पण बाईंनी विचारलंय धागा आहे का, तर धागा आहे, आणि तो मराठी पोरांना इंग्रज पोरांपेक्षा लवकर सापडेल असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजीत सिट म्हणजे बसणे. सेट हे त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. बस्स, एवढंच. जुन्या इंग्रजीत 'सित्तन' म्हणजे बसणे आणि 'सेत्तन' म्हणजे बसायला लावणे, आपण बसणे-बसवणे, उठणे-उठवणे करतो तसंच. आजच्या इंग्रजीला ही सोय राहिली नाही, फॉल आणि फेल (झाड पडणे आणि पाडणे), राईज आणि रेझ, लाय आणि ले अशा थोड्या जोड्या उरल्यात, त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्याला पण सिट आणि सेटचं नातं सहसा आठवत नाही. आपल्या पोरांना ते रोजचं आहे.

आता फळ्यावर सेट पुसून तिथे 'बसवणे' लिहून बघा. खडा अंगठीत बसवणे, सेट. निखळलेलं हाड बसवणे, सेट. कविता चालीत बसवणे, इंग्रजीत म्युझिकला सेट करणे. भाव ठरवतात तो सुद्धा कुठेतरी नेऊन बसवलेलाच. जिथे सरळ बसत नाही तिथे 'एका अवस्थेत नेऊन ठेवणे' एवढा ताण दिला की बसतं, सेट फ्री म्हणजे मोकळेपणात नेऊन ठेवणे, सेट ऑन फायर म्हणजे आगीत नेऊन ठेवणे.

आणि सूर्य. तुमच्या त्या मागच्या बाकावरच्या मुलाला हे नक्की सांगा. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला 'सेत्लगांग' असा शब्द होता, सेत्ल म्हणजे आसन, गांग म्हणजे जाणं. सूर्य दिवसभर चालून आपल्या आसनाकडे गेला, बसायला गेला. आणि आपला 'अस्त'? वेदातल्या संस्कृतात अस्त म्हणजे घर. सूर्य अस्ताला गेला म्हणजे घरी गेला. दोन लोक हजारो मैलांवर, दोघांनाही संध्याकाळी सूर्याकडे बघून हेच वाटलं की दमला बिचारा, आता बसेल कुठेतरी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ गच्चीत उभा होतो. (आपलं मावळणं मात्र वेगळं, पुण्याच्या पश्चिमेचा मावळ म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू असं म्हणतात.)

थोडं पुढचं, हे मुलांना नाही, तुम्हाला. सिट-सेटचा धातू आणि संस्कृतातला सद् एकच कुळातले. सदन, संसद, सभासद, उपनिषद, सगळीकडे बसणंच आहे. सेत्तनसारखं प्रयोजक संस्कृतातही आहे, सादयति, म्हणजे बसवतो. आणि सगळ्यात गोड म्हणजे 'प्रसन्न', तो पण सद् पासूनच, गाळ खाली बसून नितळ झालेलं पाणी ते प्रसन्न. आपलं 'बसणे' मात्र या कुळातलं नाही हं, ते उपविश् वरून, जुन्या मराठीत बैसणे आणि मग बसणे. नात्यानं परकं पण कामानं अगदी तेच.

एक सावधगिरी. दागिन्यांचा सेट, डिनर सेट, हा शब्द मुळात वेगळा आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिनमधला 'सेक्ता', म्हणजे कुणाच्या तरी मागून जाणाऱ्यांचा जथा, पंथ. बसवण्याशी त्याचा जन्माचा संबंध नाही, उच्चार सारखा झाला म्हणून दोघं एका छपराखाली राहायला लागले आणि पुढे एकमेकांचे रंग एकमेकांना लागले. त्या सेक्ताचा धातू आपल्या सच् चा भाऊ, ज्यातून सचिव आला, बरोबर असणारा. म्हणजे तुमच्या मुलाला जो प्रश्न पडला, की आईच्या सेटचा आणि सूर्याच्या सेटचा काय संबंध, त्याचं खरं उत्तर 'काही नाही' असं आहे आणि त्यानं तो अगदी बरोबर ठिकाणी विचारला.

सिव्हिलवाला_कोल्हापूर

मी साईटवरचा माणूस, भाषेतलं कळत नाही पण सेट हा शब्द दिवसातून पन्नासदा बोलतो म्हणून लिहितो. आमच्याकडे माल सेट होणं आणि माल घट्ट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यात गल्लत करतात त्यातून घरं बिघडतात.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की थोडा वेळ तो माल हलवता येतो, थापी मारता येते, फिनिशिंग करता येतं. मग एक वेळ येते की तो आता हलणार नाही, बोट लावलं तर ठसा उठतो पण माल परत एकजीव होत नाही. ते सेट होणं. आयएस कोडप्रमाणे, म्हणजे भारतीय मानकाप्रमाणे, साध्या पोर्टलँड सिमेंटला सेट व्हायला सुरुवात ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि पूर्ण सेट ६०० मिनिटांच्या आत झालं पाहिजे, लॅबमध्ये विकॅट नावाचं यंत्र असतं, त्याची सुई वरून सोडतात आणि किती आत जाते ते बघतात. सिमेंट दळताना त्यात जिप्सम घालतात ते यासाठीच, नाहीतर पाणी पडल्या पडल्या माल आवळेल आणि घमेल्यातच दगड होईल.

पण सेट झाला म्हणजे ताकद आली असं नाही!! ताकद पुढे दिवसेंदिवस येत राहते, म्हणून २८ दिवसांची टेस्ट घेतात, आणि म्हणून पाणी मारायला लागतं. मालक लोक दुसऱ्या दिवशी स्लॅबवर पाय आपटून बघतात, म्हणतात झाला की सेट, कशाला पाणी, आणि पाणी बंद. मग पुढे भेगा पडल्या की गवंड्याच्या नावानं ओरडतात. आमचे जुने गवंडी 'माल बसला' म्हणतात आणि ताकद आली की 'माल पिकला' म्हणणारा एक होता आमच्याकडे, मला तो शब्द फार आवडायचा. आता धातूपाठ साहेबांचं वाचून कळलं की बसला हेच बरोबर आहे.

गणित_नववी_दहावी

थोडक्यात लिहितो. नववीच्या बीजगणितात पहिलंच प्रकरण 'संच' आहे, तिथे तुमची हीच मुलं तीन वर्षांनी येतील, तेव्हा आत्ताच एक बीज पेरून ठेवा. गणितातला सेट आणि कपबश्यांचा सेट एक नाहीत. कपबश्यांच्या सेटमध्ये सहा कप एकसारखे असले पाहिजेत, त्यातला एक फुटला की सेट मोडला म्हणतात. गणिताच्या संचात तोच घटक सहा वेळा लिहिला तरी तो एकदाच मोजतात, आणि क्रमालाही किंमत नाही. त्यात भर म्हणजे संच रिकामा पण असू शकतो, रिक्त संच, आणि तिथे मुलं हमखास अडतात कारण त्यांच्या डोक्यात दुकानातला सेट असतो आणि रिकामा सेट कुणी विकत नाही. हिंदीवाले समुच्चय म्हणतात, आपला संच सुटसुटीत आहे.

सराफी_पेढी

खडा बसवण्याचं वर आलंच आहे, पण इंग्रजीत दागिन्यातल्या ज्या घराला सेटिंग म्हणतात त्याला आपल्याकडे कोंदण हा केवढा सुंदर शब्द आहे तो कुणी लिहिला नाही म्हणून लिहितोय. इंग्रजीत गोष्ट ज्या गावात, ज्या काळात घडते त्याला पण सेटिंगच म्हणतात आणि मराठीत पण लिहिणारे लोक म्हणतातच की अमक्या कथेला कोकणातल्या पावसाचं कोंदण लाभलंय. शब्द वेगळा, वाट एकच. वडील म्हणायचे कोंदण असं पाहिजे की बघणाऱ्याला खडा दिसावा, कोंदण दिसू नये, पण अंगठी दहा वर्षं हातात राहिली तरी खडा हलू नये.

खिळे_जुळवणाऱ्याची_लेक

धातूपाठ दादा, तुमचं सगळं पटलं पण बसवणेनं सगळं उघडतं असं म्हणू नका, माझ्या घरात उघडत नव्हतं.

माझे वडील सांगलीत एका छापखान्यात कंपोझिटर होते. इंग्रजीत त्या कामाला टाईप सेट करणं म्हणतात, पण बाबा कधी खिळे 'बसवत' नव्हते, खिळे 'जुळवत' होते. खिळा म्हणजे शिशाचा एकेक टाईप, त्याच्या डोक्यावर उलटं अक्षर. समोर लाकडी केस, तिच्यात खण, प्रत्येक खणात एक अक्षर. इंग्रजीला खण कमी लागतात, देवनागरीला अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, वेलांट्या, मात्रा, रफार, सगळ्याला आपापली जागा, त्यामुळे आमच्या बाबांचा हात सारखा डावीकडून उजवीकडे जात असायचा आणि नजर मात्र हस्तलिखितावर. डाव्या हातात स्टिक. तिच्यात एकेक खिळा उभा करत ओळ भरायची, ओळ सैल राहिली तर शब्दांमध्ये पट्ट्या घालायच्या म्हणजे ती दोन्ही कडांना टेकून घट्ट होईल. घट्ट झाली नाही तर छापताना अक्षरं निसटतात. मी शाळेतून आले की तिथेच अभ्यास करायची, अक्षरं उलटी वाचायला मी सुलटी वाचायच्या आधी शिकले असं बाबा सगळ्यांना सांगायचे. त्यांच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या टोकाला कायम काळपट डाग असायचा, साबणानं जायचा नाही.

आणि काम झालं की खिळे परत आपापल्या खणात टाकायचे, ते जुळवण्यापेक्षा कंटाळवाणं, ते त्यांनी मला करू दिलं होतं सुट्टीत. एक 'क्ष' 'ज्ञ'च्या खणात टाकला तर पुढे कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत चूक जाणार.

म्हणून सांगते, जुळवणे आणि बसवणे यात फरक आहे. बसवणं एका वस्तूचं असतं, जुळवणं अनेकांचं एकमेकांशी. इंग्रजी सेटमध्ये हे दोन्ही आहे आणि मला वाटतं तुमचे ते दोन वेगळे शब्द एका छपराखाली राहून एकमेकांचे रंग लागले म्हणालात ना, ते इथे दिसतं.

धातूपाठ

ताई, मान्य. आणि खरंच छान लिहिलंत. मी सगळं उघडतं म्हणालो तो माझा उत्साह. नाटकाचंच घ्या, नाटक आपण 'बसवतो' पण त्याचा सेट मात्र 'लावतो', आणि त्या सेटला नेपथ्य म्हणतो, जे संस्कृत नाटकात पडद्यामागच्या जागेचं नाव होतं, तिथून आवाज यायचे. मागचं होतं ते पुढे आलं. भाषेत असं होतच राहतं.

जाडजूड_कोश

उशिरा आलो. बाईंनी शब्दकोश उघडून हबकले म्हटलंय, तर आकडा सांगतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ ला निघाली, २० खंडांची, त्यात सगळ्यात लांब नोंद 'सेट' क्रियापदाचीच होती, ४३० च्या वर अर्थ आणि जवळपास ६०,००० शब्द. एका शब्दाची माहिती द्यायला एका बऱ्यापैकी कादंबरीएवढा मजकूर. पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि त्यात 'रन' पुढे गेला, त्याच्या क्रियापदाचे ६४५ अर्थ, आणि पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांना त्या एका शब्दावर नऊ महिने लागले. नऊ महिने एक माणूस रोज ऑफिसला जाऊन 'रन' बघतोय! मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

पण या आकड्याला घाबरू नका बाई. त्यात सेट अप, सेट ऑफ, सेट अबाऊट, सेट बॅक असली सगळी जोडकामं, शेकडो वर्षांपूर्वी मेलेले अर्थ, खलाशांचे, सुतारांचे खास अर्थ सगळं धरलंय. उदाहरणार्थ करवतीचे दात एक डावीकडे एक उजवीकडे असे किंचित वाकवतात म्हणजे पातं लाकडात अडकत नाही, त्या वाकवण्याला पण सेट म्हणतात. सहावीला काय करायचंय.

आणि मुलांना असं वाटू देऊ नका की इंग्रजी काहीतरी विचित्र भाषा आहे. आपलं बसणे घ्या. विश्वास बसतो, धक्का बसतो, घसा बसतो, धंदा बसतो, जम बसतो, गणपती बसतात, घट बसतात, चटका बसतो, परीक्षेला बसतात, उपोषणाला बसतात, हजार रुपये बसतात, धूळ बसते, शर्ट अंगावर बसतो, आणि "मी हो म्हणून बसलो" मध्ये तर कुणीच बसलेलं नसतं. यात जम बसला म्हणजे चांगलं आणि धंदा बसला म्हणजे वाईट. परदेशातून मराठी शिकायला आलेल्या माणसाची यावर काय अवस्था होत असेल. आणि बाईंचं ते लावणे, त्याचा भाऊ लागणे, भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, ठेच लागते, गोड लागतं, मामा लागतात, घाट लागतो, गाणं लागतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, १८५७ ची दुसरी आवृत्ती, लागणे काढून वाचा, मोठमोठ्या इंग्रजी विद्वानांचा घाम दिसतो त्यात. मी तर म्हणतो मुलांकडूनच लागणेची यादी करून घ्या, सेटच्या आधी.

भाषांतर_रोजचं

"मामा लागतात" 👌 हे मी उद्याच वापरणार.

बाई अजून एक, परीक्षेच्या दृष्टीनं. सेटचं भूतकाळी रूप सेटच राहतं. सिट-सॅट-सॅट पण सेट-सेट-सेट. मुलं सेटेड लिहितात. कट, पुट, हिट, शट, लेट सगळे असेच, शेवटी ट, हे एकत्र म्हणून घेतलं की तोंडात बसतं (हे पण बसणं). आणि सेट परीक्षा मात्र या सगळ्यातून वेगळी काढा, ती नुसती आद्याक्षरं, स्टेट एलिजिबिलिटी टेस्ट, ना बसवणं ना जथा.

सहावी_ब

मंडळी, मंगळवारचा तास झाला. तुमच्या सगळ्यांमुळे झाला म्हणून सविस्तर लिहिते.

आधी लागणेची यादी घेतली, जाडजूड सरांचं ऐकून. ३१ मुलांनी मिळून ४४ काढले, मला "पाऊस लागला" आणि "म्हैस पान्हवायला लागली" सुचलेच नव्हते. तेव्हाच एकजण म्हणाला, बाई इंग्रजांना हे सगळं पाठ करावं लागत असंल का. मग म्हटलं आता सेट काढू.

फळ्यावर तीन घरं केली. एकावर लिहिलं बसवणे, दुसऱ्यावर गट, तिसरं रिकामं ठेवलं. मुलं एकेक उठून आपला सेट योग्य घरात लिहीत होती. दागिन्याचा गटात, डोशाचा पण गटात (दोन-तीन मिळून देतात म्हणून सेट डोसा, हे एका मुलीला माहीत होतं, तिचे काका निपाणीला हॉटेलात आहेत). अलार्मवर भांडण झालं, एकजण म्हणाला काटा पाचवर नेऊन बसवतो म्हणजे बसवणे, मोबाईलवाले म्हणाले काटा कुठंय. जुन्या घड्याळाचं चित्र काढून दाखवल्यावर मिटलं. सूर्याचं आसन आणि घर सांगितलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला, आणि मागच्या बाकावरचा तो मुलगा नुसता हसला, फार काही बोलला नाही.

सिमेंटचं विचारायच्या आधीच एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील गवंडी आहेत, ती वर्गात एरवी तोंड उघडत नाही. तिनं हातानं थापी मारून दाखवली आणि म्हणाली बाई, माल बसायच्या आत लेव्हल करायची असते, बसल्यावर हात लावला की अण्णा ओरडतात. तिनं स्वतः जाऊन बसवणेच्या घरात 'सिमेंट' लिहिलं. तिसऱ्या घरात परीक्षा गेली, आणि आमच्या ट्रॅपवरून इतका वाद झाला की तो अजून दोन घरांच्या मधल्या रेघेवरच आहे.

मग वाक्यं लिहायला दिली, यावेळी भाषांतर ताईंचं ऐकून पूर्ण घास दिले. दाराला कुणी सेट लावलं नाही.

आता नवीन अडचण. तास संपताना त्याच गवंड्यांच्या मुलीनं विचारलं, बाई, अपसेट म्हणजे मग वर बसवलेला का? मी म्हटलं अपसेट म्हणजे नाराज, तर म्हणाली अप म्हणजे वर आणि सेट म्हणजे बसवणे, वर बसवल्यावर कुणी नाराज कशाला होईल. मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगते म्हटलंय. धातूपाठ सर, आहात का?

धातूपाठ

आहे. आणि त्या मुलीला सांगा की तिचं बरोबर आहे. पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत अपसेट म्हणजे खरंच वर उभं करणं, उभारणं असंच होतं. उलटं होणं, कलंडणं हा अर्थ नंतरचा, आणि मन कलंडणं त्याच्याही नंतरचं. ती जुन्या अर्थापर्यंत एकटी पोचली, शब्दकोश न उघडता.

पोट अपसेटला आपल्याकडे पोट बिघडलं म्हणतात, तेही सांगून ठेवा, परवा कुणीतरी विचारणारच.